माजलगावच्या पाण्यावर, नाक सांभाळून

"बीडला? आणि तेही पाण्यावर घसरायला?" माझी धाकटी बहीण फोनवर इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. बीड म्हटलं की लोकांना टँकरच आठवतो. मी तिला काही समजावत बसले नाही. न गेलेल्या माणसाशी वाद घालू नये. आपण जाऊन यावं आणि मग त्याला समोर बसवून तासभर ऐकवावं. तर बसा.

मी नाशिकची. तीस वर्षं शाळेत पीटीच्या बाई होते. मधे नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं परदेशात एका मोठ्या तळ्याकाठी राहिले आणि शेजारणीच्या नादाने बेअरफूट वॉटर स्कीइंग शिकले. म्हणजे काय, तर मोटरबोट पळते, आपण तिच्या दोराची मूठ धरून पाण्यावर ओढले जातो, आणि पायाखाली फळीबिळी काही नसते. नुसते तळवे. बोट ताशी पन्नासच्या पुढे गेली की पाणी फरशीसारखं टणक लागतं आणि माणूस त्यावर खरंच उभा राहतो. तोल जमतो, मनगटं तयार होतात, तळव्यांनाही सवय होते. जमत नाही ते नाक. आधी पाण्यावर उताणं पडून ओढून घ्यायचं असतं. तेव्हा, आणि नंतर पडताना, पाणी असं नाकात घुसतं की कपाळाच्या आत कुणी तिखट भुरभुरल्यासारखं होतं. पहिल्या वर्षी मी निम्मं तळं नाकाने प्यायले असेन. म्हणून नाकाच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजते. समजत होते, असं म्हणा.

तात्यांचा फोन आला तो नवरात्रात. तात्या म्हणजे माजलगाव धरणाच्या कडेच्या एका गावचे बागायतदार. दोनदा निवडणुकीला उभे राहिले, एकदा निवडून आले. त्यांची भाची माझी विद्यार्थिनी, तेवढीच आमची ओळख.

"ताई, आमी धरणावर बोटीचं केंद्र काढायलोत. दसऱ्याला उद्घाटन. पाहुणे ठरले, मंडप ठरला, फ्लेक्ससुद्धा लागले."

"अरे वा! काय आहे फ्लेक्सवर?"

"'अनवाणी पाण्यावर पळणारी मराठवाड्याची पहिली वाघीण.' मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, लई आवडला, म्हणलं आपल्याकडं बी झालं पायजे."

"मग अडचण कसली?"

तात्यांनी आवाज खाली आणला. "वाघिणीच्या नाकात पानी जायलंय."

आधी फ्लेक्स आणि मग वाघीण! मी हसत हसतच बॅग भरली. बॅगेत नाक बंद करायचे रबरी चिमटे घेतले, चार प्रकारचे.

पाटोदा

नगर सोडून जामखेडमार्गे पाटोद्याला पोहोचले तेव्हा बाजार भरला होता आणि सगळीकडे सीताफळं. टोपल्यांत, पोत्यांवर, एका स्कूटरच्या पायठेवणीवरसुद्धा. आमच्या नाशकात द्राक्षवाला एक मणी चाखायला मागितला तरी कपाळाला आठ्या घालतो. इथे एका आजींनी आपणहून सीताफळ फोडून निम्मं माझ्या हातावर ठेवलं.

"खाऊन बघा बाई. ग्वाड न्हाई लागलं तर घिऊ नका."

गोड कसलं, नुसता खरवस! मी डझनभर घेतली आणि आजींनी बजावूनही त्यांचं ऐकलं नाही. त्या म्हणत होत्या, पिकलेली आहेत, पिशवीत वर ठेवा. मी ती मागच्या सीटवर टाकली आणि त्यावर माझी बॅग. पुढच्या घाटात काय झालं ते सांगायला नको. चिमट्यांच्या डबीतसुद्धा सीताफळाचा गर गेला. चारही चिमटे नळाखाली धरून एकेक बी काढत बसले होते मी.

लिंबागणेश

वाटेवर लिंबागणेशला देवदर्शनाला थांबले. गाभाऱ्यात गारवा होता, गर्दी नव्हती. मी हात जोडले आणि म्हटलं, बाप्पा, तात्यांची ती वाघीण म्हणजे आशामती नावाची कुणी बाई आहे, तिच्या नाकात पाणी जाऊ देऊ नकोस. आणि मग माझं मलाच हसू आलं. जो नाकानेच पाणी ओढतो आणि नाकानेच अंगावर उडवतो, त्याला हे गाऱ्हाणं कसं कळणार? बाहेर हार विकणाऱ्या बाईने विचारलं, "कावून हसायलात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्येला समदं कळतंय. तुमी नारळ फोडला का?" फोडला नव्हता. परत आत जाऊन फोडून आले.

धरणाच्या कडेला

धरण काठोकाठ भरलं होतं. पलीकडचा काठ धूसर, अलीकडे उसाचे हिरवेगार पट्टे पाण्यापर्यंत उतरलेले. बहिणीला लगेच फोटो पाठवला. टँकर कुठे दिसतोय का बघ, म्हटलं.

तात्या मंडपातच भेटले. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पाय अनवाणी. नवरात्र होतं ना! निम्मं गाव नऊ दिवस चप्पल घालत नव्हतं. त्यामुळे अनवाणी स्कीइंगचं इथे कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. एक म्हातारबाबा मला म्हणाले, "त्यात काय नवल? देवीसाठी आमी डोंगर चढतोत अनवानी. ही पान्यावर."

आशामती चहा घेऊन आली. साधारण तिशीची, काटक, साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऊस तोडणाऱ्या बायका घालतात तसा, पाचट अंगाला कापू नये म्हणून. ती केंद्रावर स्वयंपाकाला होती. तात्यांनी आधी कॉलेजच्या चार मुली आणल्या होत्या, पण पहिल्याच दिवशी त्यांच्या तळव्यांची आग आग झाली. तेव्हा ही म्हणाली, मी करून बघू का? आणि उतरली पाण्यात.

"पायाचं काय न्हाई मॅडम," ती म्हणाली. "उसाच्या धसकटावर चालून चालून पायाला काय लागतच न्हाई. पवायला बी यितंय, ल्हानपनी पाठीला डबा बांधून हिरीत शिकल्ये. नाकाचंच वांधं हाय. आनि माजं सगळं त्या नाकावरच आडून बसलंय."

ते काय ते तिने पुढच्या पाच मिनिटांत सांगितलं. दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या ठरतात. मुकादमाला शब्द द्यावा लागतो. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बायको मागे राहिली तर नवऱ्याचा अर्धाच कोयता. तो कुणाला नको असतो. तिची मुलगी तिसरीत. दर साली निम्मं वर्ष परगावी उसाच्या फडावर जातं आणि शाळा बुडते. यंदा दोघांनी अजून मुकादमाला शब्द दिला नव्हता. कारण तात्या म्हणाले होते, दसऱ्याला सगळ्यांसमोर पाण्यावर उभी राहिलीस तर केंद्रात शिकवायची कायमची नोकरी. नाही जमलं तर पुण्याहून मुलगी आणू.

"आनि तुजा नवरा काय म्हणतो?" तिच्याशी बोलता बोलता माझीही भाषा बदलायला लागली होती.

"त्ये काय बोलतच न्हाईत."

नवरा काठावर उभा होता. दिगंबर. उंच, खांदे किंचित वाकलेले, तिची कोरडी साडी हातावर घेऊन. बाजूची पोरं त्याला छळत होती. "दिग्या, नेस की बे ती साडी तूच!" त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

आशामतीने साडीवर शर्ट होता तो साडीशिवाय घातला, खाली पाण्यात घालायची जाड पँट, वर लाइफ जॅकेट. बोटीच्या बाजूला एक आडवा लोखंडी दांडा बसवलेला होता. नवशिक्याने दोराऐवजी तो धरून शिकायचं असतं. ती दांड्याला लोंबकळली, उताणी पाण्यावर टेकली, बोट सुटली. तळवे झकास पडले. आणि ऐन उठायच्या क्षणी डोकं झटकलं, हात सुटले, धपकन पाण्यात. वर आली ती शिंकत, खोकत, डोळे लालबुंद. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मला कारण लगेच कळलं. ती श्वास कोंडून धरत होती आणि पाण्याचा फटका बसला की दचकून आत ओढत होती. मी म्हटलं, "कोंडू नकोस. नाकातून हवा हळूहळू जाऊ दे. सगळ्यात सोपं म्हणजे तोंड मिटून गाणं गुणगुण. गुणगुणताना श्वास आत घेताच येत नाही."

तिने काठाकडे पाहिलं. चुलतसासरे, भावकीतले दीर, तात्यांचे कार्यकर्ते.

"इतक्या मानसांत गानं म्हनू?" ती पुटपुटली.

"म्हणायचं नाही, नुसतं गुणगुणायचं."

"त्येच की."

आमच्याकडे मुली रिक्षात बसल्या बसल्या गुणगुणतात. इथल्या सुनेला ते मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बोट पळाली की तिचे ओठ मिटलेले आणि गळा बंद. पुन्हा शिंका.

चिमटा, आणि मग कापूस

दुसऱ्या दिवशी मी चिमटे काढले. तर तिच्या डाव्या नाकपुडीत मोरणी. लग्नात सोनाराने आतून पीळ देऊन बसवलेली. काढायची म्हणजे तोडायचीच, आणि सुवासिनीची मोरणी सणाच्या दिवसांत कोण तोडणार? चिमटा मोरणीवर बसला की ती कळवळायची आणि सैल बसला की पहिल्या फटक्याला उडून जायचा. तीन चिमटे धरणाला अर्पण झाले. चौथ्याला अजून सीताफळाचा वास येत होता, तो मीच ठेवून दिला. मग चिकटपट्टी लावली. ती घामाने आधीच निघाली.

आणि मग मी माझ्या मोठ्या शहाणपणाने जे केलं ते सांगताना आजही माझी मान खाली जाते.

आशामतीची सासू, सोजरबाई, मंडपाच्या सावलीत देवीच्या दिव्यासाठी वाती वळत बसली होती. परडीत घरच्या रानातला पांढराशुभ्र कापूस. मी त्यातला चिमूटभर उचलला, दोन बोळे केले, त्यांना व्हॅसलीन चोपडलं आणि पाण्यात बोटीपाशी उभ्या असलेल्या आशामतीच्या दोन्ही नाकपुड्यांत बसवले. तिने डोळे मिटून घेतले, पण बोलली नाही. मॅडम सांगतायत म्हणजे बरोबरच असेल.

काठावरचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, सगळे उत्सुकतेने बघतायत.

"अगं बया बया!" सोजरबाई ओरडली. वातींची परडी उलटी झाली. "जित्या बाईच्या नाकात कापूस? काय घात करायलाव वो बाई!"

दिगंबरने हातातली साडी आईकडे फेकली आणि चपळाईने कंबरभर पाण्यात शिरला. दोन बोटांनी ते बोळे बायकोच्या नाकातून काढले आणि लांब भिरकावले. तिला दंडाला धरून बाहेर आणलं, साडी तिच्या खांद्यावर टाकली आणि दोघं घराकडे चालू लागली.

मला कळायला हवं होतं हो. मी काय आभाळातून पडले होते? माझ्या सासऱ्यांना उचलायच्या आधी त्यांच्या नाकात कापूस मीच ठेवला होता, याच हातांनी. पण पोहण्याच्या तलावावर इतकी वर्षं काढली की कापूस म्हणजे मला नुसता कापूस वाटायला लागला होता. मला स्वतःची फार लाज वाटली. तात्या म्हणाले, "जाऊ द्या ताई, चालायचंच." पण त्यांनीही नजर दुसरीकडेच ठेवली होती.

ऊन कलल्यावर मी एकटीच त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात शेंगांचा ढीग. मी दारातूनच म्हटलं, "सोजरबाई, चुकलं माझं."

तिने पाट पुढे सरकवला. "चुकलं त्ये चुकलं. बसा. भाकर खाऊन जावा."

आणि काय भाकर होती! तव्यावरून थेट ताटात, पापुद्रा टम्म फुगलेला. सोबत येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. पाहुणा अवचित आला की ते उकळत्या पाण्यात सोडायचं, झाली आमटी. पहिला घोट घेतला आणि माझ्या कानातून वाफ निघाली. नाशिकच्या मिसळीची फुशारकी मी पुन्हा मारणार नाही.

दिगंबर समोर बसून मुकाट्याने जेवत होता. ताट धुता धुता एकदाच बोलला, "मॅडम, परवा दसरा. मुकादमाचा फोन यिनार हाय." मला वाटलं, झालं, याला जायचंय.

जेवणं झाल्यावर सगळ्यांनी शेंगा फोडायला घेतल्या आणि सोजरबाईने नातीला गोष्ट सुरू केली. तिचा नियम कडक. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने "हूं" म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. नातीचं तोंड शेंगदाण्यांनी भरलेलं, त्यामुळे तिच्या वतीने आशामती चुलीपाशी वाकून दूध तापवता तापवता हुंकारे देत होती.

"येक व्हती बाई."

"हूं."

"तिला व्हते सात दीर."

"हूं."

"सातीच्या साती खादाड."

"हूं."

एवढ्यात ओलं सरपण धुमसलं. धुराचा लोट उठला. मी खोकले, दिगंबर खोकला, पोरगी तर पळालीच. आणि आशामती, जिचं तोंड त्या धुराच्या बरोबर वर होतं, ती शांतपणे "हूं... हूं..." करत दूध ढवळत होती. मी खोकणं सोडून तिच्याकडे बघतच राहिले.

"आशामती, सगळ्यांसमोर असं हूं म्हणायला तुला लाज नाही वाटत?"

"त्यात कसली लाज?" तिला माझा प्रश्नच समजला नाही. "हुंकारा न्हाई दिला तर आत्याबाई गोष्ट सोडून उठत्यात."

मी टुणकन उठले. "सोजरबाई, उद्या तुम्ही बोटीत बसायचं!"

"मी? त्या पान्यावर?" तिने हातातल्या शेंगा टाकल्या. "आवो माज्या सात पिढ्यांत कुनी बोटीत बसलं न्हाई! मला काय पान्यात लोटायचा इरादा हाय का तुमचा? दुपारी सुनंच्या नाकात कापूस, आता सासूला बुडवा!"

मी समजावलं, हात जोडले. नाही म्हणजे नाही. तेवढ्यात दिगंबर शेंग फोडता फोडता खाली बघत म्हणाला, "आय, बस."

सोजरबाईने मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि मला दम दिला, "दोन ज्याकेटं पायजेत मला. यकाचा भरोसा न्हाई."

नवमी

दोन जॅकेटं घालून, बोटीच्या तळाशी मांडी ठोकून, दोन्ही हातांनी बाक धरून सोजरबाई बसली. इंजिनाच्या आवाजात गोष्ट ऐकू जायला हवी, म्हणून तात्यांनी प्रचाराचा स्पीकर बोटीवर चढवला आणि माइक तिच्या तोंडासमोर बांधला. "निवडणुकीत बी याच्यावर गोष्टीच सांगितल्या," असं तेच म्हणाले, मी नाही.

बोट सुटली आणि सोजरबाई गोष्ट विसरली. धरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेहतीस कोटी देवांना हाका गेल्या. पण गंमत बघा, आशामतीने त्या हाकांनासुद्धा हुंकारे दिले! पडली ती तोल जाऊन, नाकात पाणी गेलं म्हणून नाही. शिंक एकही नाही.

दुसऱ्या खेपेला गोष्ट नीट सुरू झाली. बाई, सात दीर, खळ्याएवढी भाकरी. आशामतीचा हुंकारा मला बोटीतूनही दिसत होता, गळ्याची शीर हलताना. आता उठणार, एवढ्यात बोट लाटेवर आपटली आणि सोजरबाई घाबरून गप्प झाली. गोष्ट थांबली, तसा हुंकाराही थांबला, आणि गेलं पाणी नाकात. तिसऱ्यांदाही तसंच झालं. चौथ्यांदाही.

म्हणजे उपाय सापडला होता, पण तो एका घाबरट सासूच्या घशात अडकला होता. मी म्हटलं, मी सांगते गोष्ट. सांगितलीही. पण आशामती म्हणाली, "मॅडम, तुमची गोष्ट पुस्तकातल्यावानी वाटतीय, हुंकारा निघतच न्हाई." घ्या! तीस वर्षं पोरांना ओरडून शिकवलेला गळा, तो नापास.

दसरा

सकाळी आशामतीच्या घरी पाटावर दोन कोयते मांडले होते, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. शेजारी तिने बोटीच्या दोराची मूठ ठेवली होती आणि तिलाही कुंकू लावलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्हींतलं एकच हातात राहणार होतं.

धरणावर जत्रा लोटली होती. बोटीच्या नाकाडाला हार, इंजिनावर स्वस्तिक. पाहुण्यांची भाषणं झाली, ती गाळते. तात्यांनी घाम पुसत मला विचारलं, "ताई, जमंल ना? न्हाईतर तोंड दाखवायची सोय न्हाई." मी म्हटलं, जमेल.

बोटीत चालक, मी आणि सोजरबाई. बोट सुटणार इतक्यात दिगंबर पाण्यातून चालत आला, साडी मंडपातल्या कुणाकडे तरी देऊन, आणि न विचारता चढून आईशेजारी बसला. "आयला धराया," एवढंच म्हणाला.

बोटीने वेग घेतला. आशामती दांड्याला धरून उताणी, पाणी दोन्ही बाजूंनी उसळतंय. स्पीकर इतका मोठा की अख्ख्या काठाला गोष्ट ऐकू जात होती.

"सात दीर पंगतीला बसले."

हूं.

"म्हनत्यात, वयनी, आजून वाढ."

हूं.

"ती थापतीया, थापतीया, हात भरून आले..."

आणि बोट आपटली. सोजरबाईने "अगं माय!" करून डोळे मिटले आणि मुलाच्या कुशीत तोंड खुपसलं. स्पीकर मुका झाला. मी आशामतीकडे पाहिलं. ती डोळे मोठे करून बोटीकडे बघत होती, तिचा श्वास संपत आला होता, मला दिसत होतं. मी माइककडे हात टाकला, पण त्याआधीच तो दुसऱ्या कुणीतरी ओढला होता.

"आनि मंग ती बाई उठली!" दिगंबर. चार दिवसांत चार वाक्यं बोललेला दिगंबर, प्रचाराच्या स्पीकरवर, सगळ्या भावकीसमोर! "हातातलं पीठ झटकलं!"

हूं. गळ्याची शीर हललेली मला दिसली.

"म्हनली, लई झालं! आता तुमीच थापा, तुमीच खावा!"

काठावर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. दिगंबरचे कान लाल झाले, पण त्याने माइक सोडला नाही.

"आनि चालाया लागली! वाटंत आली नदी! नदी म्हनली, नाव कुटाय तुजी? बाई म्हनली, मला नाव नको!"

आणि आशामती उठली. गुडघे वाकलेले, तळवे पाण्यावर, मागे पांढऱ्या फेसाचे दोन तुरे. मी मोठमोठ्याने सेकंद मोजत होते. पाच. सात. काठावरून आधी बायकांचा, मग सगळ्यांचाच आवाज यायला लागला. ते टाळ्या वाजवत नव्हते, हुंकारे देत होते. दिगंबर सांगेल त्या प्रत्येक वाक्याला अख्खं गाव "हूं!" म्हणत होतं. अकरा. बारा. माझे डोळे असे भरून आले की तेराव्याला मला काही दिसेना.

चौदाव्याला ती पडली, कोलांटी खाऊन. पाण्याखाली गेली, वर आली, केस मागे सारले आणि नाकाला हात लावून ओरडली, "मॅडम, कोरडं हाय!"

तात्यांनी तिथल्या तिथे माइकवर नोकरी जाहीर केली आणि पाहुण्यांच्या आधी तिलाच आपट्याचं सोनं दिलं.

आम्ही मंडपामागे बसलो होतो. आशामती भिजलेल्या शर्टातच, सोजरबाई अजून दोन्ही जॅकेटं अंगात घालून, कुणालाही काढू देत नव्हती. दिगंबरचा फोन वाजला. गर्दीत ऐकू येईना म्हणून त्याने आवाज मोठा केला.

"दिग्या, टोळी भरली बे, तुमचा कोयता धरू का?"

दिगंबरने आशामतीकडे पाहिलं.

"न्हाई मुकादम. यंदा न्हाई यीत."

"कावून?"

"बायकू पान्यावर उभी ऱ्हायली."

"सनाच्या दिशी पिलास का बे?"

दिगंबर हसला. तो हसतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "आमी हितंच ऱ्हातोत. मी रोजानं जाईन रानात. पोरगी शाळंत जाईल." मग त्याने फोन बायकोपुढे धरला. "तू सांग. माज्यावर इस्वास न्हाई त्येचा."

आशामतीने फोन घेतला. घसा खाकरला.

"मुकादम, आशामती बोलतीय. आमचा कोयता मोजू नका."

फोन ठेवला आणि मग ती रडली. अगदी हमसून, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. नाकातून पाणी वाहायला लागलं आणि ती शर्टाच्या बाहीने पुसत राहिली. चार दिवस त्या नाकासाठी आम्ही काय काय केलं होतं! आता कुणीच काही केलं नाही. सोजरबाईने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वाहू दे."